तिसऱ्या क्रमांकाची बाटली

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा वार्षिक भूजल-गुणवत्ता अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावरच्या बातम्या आपणांपैकी अनेकांनी वाचल्या असतील. नायट्रेट, फ्लोराइड, युरेनियम आणि आर्सेनिक ही नेहमीचीच नावे त्यांत होती. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या पूरमैदानांतील राज्ये आर्सेनिकच्या यादीत होती आणि पश्चिम बंगाल त्यांत होताच. अशा बातम्या मी वर्षानुवर्षे चहाबरोबर वाचून बाजूला ठेवत आलो. या वेळी मात्र वृत्तपत्र हातातून खाली ठेववेना. त्याआधीच्या श्रावणात आमच्या घरात जे घडले, त्यात एका रात्रीचे रक्त होते, माझ्या भाच्याचे यकृत होते आणि अशाच भूजलाची एक लहानशी बाटली होती.

मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. बँकेच्या नोकरीनिमित्त कोलकात्यास आलो आणि निवृत्तीनंतर बालीगंजमध्येच राहिलो. पुढे जे वैद्यकीय लिहितो आहे ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून आणि नंतर वाचून समजून घेतलेले आहे. उरलेले माझ्या स्वतःच्या लाजेचे आहे, आणि ते लिहिल्यावाचून हे टिपण पुरे होणार नाही.

भाचा सांगली जिल्ह्यातला. वय तेवीस. बालीगंज विज्ञान महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकण्यासाठी तो आमच्याकडे राहावयास आला होता. मुलगा अबोल, कष्टाळू, आणि थोडासा दमणारा. जिना चढताना थांबे. डाव्या बरगडीखाली कधीकधी ओढल्यासारखे वाटते, असे तो एकदा मामीला म्हणाला होता. लहानपणी हिवताप झाला होता, त्याची पाणथरी राहिली असेल, असे म्हणून आम्ही तो विषय संपवला होता.

त्या रात्री अडीचच्या सुमारास न्हाणीघरातून पत्नीची हाक आली. भाचा भिंतीला टेकून बसला होता आणि समोर रक्त होते. लालभडक, मध्ये गाठी असलेले, माणसाच्या पोटात इतके मावत असेल अशी कल्पनाही करवत नाही इतके. तो शुद्धीवर होता. "मामा, दुखत काही नाही," असे तो म्हणाला, आणि त्याच वाक्याने मी अधिक घाबरलो.

रुग्णालयात त्याला प्रथम सलाइन आणि रक्त दिले गेले. हिमोग्लोबिन ६.४ वर आले होते. तरुण डॉक्टरांनी प्रश्न विचारले: वेदनाशामक गोळ्या घेतोस का? जोरजोराने उलट्या होऊन मग रक्त आले का? शौचास डांबरासारखे काळे झाले होते का? दारू घेतोस का? शेवटचा प्रश्न तीन निरनिराळ्या माणसांनी तीन वेळा विचारला. त्यांचे तसे विचारणे योग्यच होते. तो प्रश्न न विचारणारा डॉक्टर आपले काम अर्धवट करतो. भाच्याने तिन्ही वेळा "नाही" असे एकच उत्तर दिले. काळ्या शौचाच्या प्रश्नावर मात्र तो "तीन दिवस" असे म्हणाला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला.

पहाटे बहिणीचा फोन आला. सगळे ऐकून घेतल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "दादा, खरं सांग हं. पितो का रे तो?"

मी "नाही" म्हणालो. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की ते "नाही" मी बहिणीला दिले होते, स्वतःला दिले नव्हते. रक्ताची उलटी म्हणजे यकृत, आणि यकृत म्हणजे दारू, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे की त्यावर विचार करावा लागत नाही. तीन दिवस त्याने लपवले, ते का लपवले? कपडे आणण्याच्या निमित्ताने मी घरी आलो, आणि भाच्याच्या खोलीची झडती घेतली. झडती हाच शब्द योग्य आहे. कपाट पाहिले, पलंगाखाली पाहिले, पिशव्या उलट्या केल्या. टेबलाखाली एका खोक्यात प्लास्टिकच्या सहा पांढऱ्या बाटल्या सापडल्या. प्रत्येकीवर क्रमांक आणि एक गावाचे नाव होते. मी तिसरी उचलली, तिचे झाकण फिरवले आणि नाकाशी नेली.

कसलाही वास आला नाही. पाणीच होते. मी झाकण लावून बाटली जागेवर ठेवली आणि रुग्णालयात परतलो.

तोवर एंडोस्कोपी झाली होती. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी फुगून दोरखंडासारख्या झालेल्या शिरा होत्या, आणि त्यांतील एक फुटली होती. दुर्बिणीतूनच त्या शिरांवर रबराच्या लहान कड्या चढवून रक्त थांबवले गेले. अशा फुगलेल्या शिरा सामान्यतः यकृताच्या सिरोसिसमध्ये आढळतात. म्हणून माझा संशय त्या क्षणी खरा ठरल्यासारखे मला वाटले, आणि आज सांगतो, मला एक प्रकारचे समाधानही वाटले. ते समाधान मला अजून क्षमा करता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पोटाची सोनोग्राफी आणि डॉपलर तपासणी झाली. यकृत आकाराने ठीक, पृष्ठभाग गुळगुळीत. पोर्टल शिरा मोकळी. प्लीहा मात्र सतरा सेंटिमीटरांपर्यंत वाढलेली. यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या यंत्राने जवळजवळ निरोगी म्हणावा असा आकडा दिला. कावीळ ब आणि क यांच्या चाचण्या निर्दोष. तांब्याच्या चयापचयाचा विल्सनचा आजार नाही. यकृताचे कार्य दाखवणारे आकडे उत्तम. वरिष्ठ डॉक्टरांनी सगळे कागद एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "तुमच्या मुलाचं यकृत माझ्या यकृतापेक्षा बरं असेल."

मग रक्त कुठून आले?

तरुण माणसाच्या वरच्या अन्नमार्गातून रक्तस्राव होतो तेव्हा बहुतेक वेळा कारण परिचित असते: जठरातील वा ग्रहणीतील व्रण, हेलिकोबॅक्टर जिवाणू, वेदनाशामक गोळ्या. जोराच्या उलट्यांनी अन्ननलिकेच्या टोकाशी चीर पडते, तिचे वर्णन मॅलरी आणि वाइस यांनी १९२९ मध्ये केले. यांपलीकडे दुर्मीळ कारणांची एक लहान रांग आहे. जठराच्या अस्तराखाली एखादी रोहिणी जन्मतःच नको तितकी जाड राहते आणि व्रण नसतानाही एकाएकी फुटते. पॅरिसच्या द्यूलाफ्वा यांचे नाव त्या विकृतीला मिळाले आहे. कधी पित्तनलिकेत रक्त उतरते, कधी स्वादुपिंडाच्या सुजेने जवळच्या रोहिणीला फुगा येतो, कधी जठराच्या भिंतीतील गाठ रक्त सोडते. आणि भारतात ज्याची आठवण आवर्जून ठेवावी लागते असे एक कारण म्हणजे निरोगी यकृत असताना पोर्टल अभिसरणात वाढलेला दाब.

डॉक्टरांनी ते मला समजावले, आणि मी ते माझ्या गावाकडच्या भाषेत समजून घेतले. आतडी आणि प्लीहा यांचे सगळे रक्त पोर्टल शिरेतून यकृताकडे येते. ती शिरा म्हणजे मोठा कालवा. यकृतात शिरल्यावर तिचे पाट होतात, पाटांच्या चाऱ्या होतात, आणि चाऱ्यांतून पाणी वाफ्यावाफ्यात झिरपते. सिरोसिसमध्ये शेतच खडक बनते, म्हणून पाणी तुंबते. कधीकधी, विशेषतः लहान मुलांत, कालव्याच्या तोंडाशीच गुठळी बसते. तिसरा प्रकार असा की कालवा मोकळा, शेत सुपीक, पण मधल्या बारीक चाऱ्या बुजलेल्या. पाणी मागे फुगते, प्लीहा सुजते, आणि वाट मिळेल तिकडून, म्हणजे अन्ननलिकेच्या नाजूक शिरांतून, बांध फोडते. भाच्याला हा तिसरा प्रकार होता. नेहमीची दाबाची मोजणीही येथे फसवते. मानेतील शिरेतून नळी उतरवून यकृताच्या शिरांमधला दाब मोजतात, पण अडथळा त्या जागेच्या अलीकडेच असल्याने आकडा फारसा वाढलेला दिसत नाही. निदान पक्के झाले ते यकृताचा सूक्ष्म तुकडा तपासल्यावर.

या आजाराला आपल्याकडे नॉन-सिरोटिक पोर्टल फायब्रोसिस म्हणतात. रुग्ण बहुधा तरुण असतो, पहिली खूण बहुधा रक्ताची उलटी असते, आणि यकृत सशक्त असल्याने तो एवढा रक्तस्रावही पुष्कळदा सोसून जातो. शिरा कड्यांनी वेळोवेळी बंद करत गेल्यास, सोबत औषधे घेतल्यास, बहुतेक रुग्ण दीर्घ आणि जवळजवळ नेहमीसारखे आयुष्य जगतात. हे ऐकून मी बहिणीला फोन केला. ती रडली; मग म्हणाली, "म्हणजे दारू नव्हती." तो प्रश्न नव्हता.

यानंतर डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट ऐकून मी थक्क झालो. हा आजार सिरोसिसपासून वेगळा ओळखण्याच्या कामाचा एक महत्त्वाचा टप्पा याच शहरात पार पडला होता. बंगालमध्ये वाढलेल्या प्लीहेचे रुग्ण पूर्वीपासून विपुल. हिवताप होता, काळा आजार होता. काळ्या आजारावरचे युरिया स्टिबामाइन उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी येथेच सिद्ध केले. परंतु या दोन्हींत न बसणारे, वाढलेली प्लीहा आणि रक्ताच्या उलट्या घेऊन येणारे रुग्ण उरतच. फ्लॉरेन्सच्या बांटी यांच्या नावाने त्यांची नोंद होई, किंवा त्यांना सिरोसिसच्या खात्यात टाकले जाई. १९६० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र कलकत्त्यात होते. तेथे आलेले तरुण डॉक्टर जेम्स बॉयर आणि सेनगुप्ता, विश्वास, बसू मल्लिक आदी स्थानिक वैद्यांनी अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. सिरोसिसचे रुग्ण, पोर्टल शिरेत गुठळी असलेले रुग्ण आणि ज्यांत यांपैकी काहीच सापडत नाही असे रुग्ण, या तिघांची तुलना त्यांनी केली. तो निबंध १९६७ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आला. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, दिल्लीच्या एम्समधील नायक आणि रामलिंगस्वामी यांनी यकृतातील त्या बुजलेल्या चाऱ्यांचे सूक्ष्मदर्शकाखालील वर्णन प्रसिद्ध केले. आणि त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या कार्यशाळेत आजचे नाव रूढ झाले. अलीकडे जगभरच्या तज्ज्ञांनी त्याला आणखी व्यापक नाव दिले आहे, पण मूळ विवेक तोच: वाढलेला दाब म्हणजे सिरोसिस नव्हे.

म्हणजे जो भेद वैद्यकाने अर्धशतकापूर्वी माझ्या घरापासून काही मैलांवर करून ठेवला होता, तो माझ्या मनात झालाच नव्हता.

हे सगळे होते कशामुळे? प्रामाणिक उत्तर असे की पुष्कळ रुग्णांत कारण सापडत नाही. बालपणी पोटात वारंवार होणारे संसर्ग, रक्त गोठण्याची वाढीव प्रवृत्ती, प्रतिकारशक्तीतील बिघाड अशी कारणे मांडली जातात. स्वच्छता सुधारल्यावर भारतात हा आजार कमी होत गेला, ही गोष्ट संसर्गाच्या बाजूने बोलते. यांखेरीज आणखी एक कारण आहे, आणि तेथे मला त्या पांढऱ्या बाटल्या आठवल्या. १९७९ मध्ये चंडीगडच्या डॉ. दत्ता आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ पोटात जाणारे आर्सेनिक हे या आजाराचे एक संभाव्य कारण म्हणून मांडले. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी तळहातांवर खरखरीत गाठी आणि अंगावर ठिपके घेऊन आलेल्या खेडुतांचा आजार नलकूपांतील आर्सेनिकचा असल्याचे ओळखले. पुढे एसएसकेएम रुग्णालयातील डॉ. डी. एन. गुहा मजुमदार यांनी अशा रुग्णांच्या यकृताकडे पाहिले. २४८ रुग्णांच्या त्यांच्या मालिकेत ६९ जणांच्या यकृताचा तुकडा तपासला गेला, आणि त्यांपैकी ६३ जणांत हाच सिरोसिसरहित तंतुमय बदल आढळला.

भाच्याच्या नखांची आणि केसांची तपासणी झाली. त्यात आर्सेनिक नव्हते. सांगलीच्या विहिरींचा आणि बंगालच्या गाळाचा येथे संबंध नव्हता, आणि तो जोडण्याचा मोह मी टाळतो आहे. त्याच्या आजाराचे कारण आम्हांला आजही ठाऊक नाही.

दहाव्या दिवशी तो घरी आला. सायंकाळी खोलीतून हाक आली, "मामा, तीन नंबरची बाटली कुणी उघडली?"

मी दारात उभा राहिलो. झाकणावर त्याने चिकटपट्टी लावलेली होती. ती मी त्या दिवशी पाहिलीही नव्हती. बंद ठेवलेला नमुना असा उघडला की तो शास्त्रीय कामाचा राहत नाही, हे त्याने अगदी शांतपणे सांगितले. मी म्हणालो, "मीच. मला वाटलं..." पुढचे वाक्य मला पुरे करता आले नाही. त्याने ते माझ्यासाठी पुरे केले नाही, यात त्याचा मोठेपणा होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "म्हणूनच तीन दिवस सांगितलं नव्हतं मामा. काळं होतंय म्हटलं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्या तीन दिवसांत त्याच्या शरीरातून रक्त जात होते. वेळीच रुग्णालय गाठले असते तर कदाचित ती रात्र आलीच नसती. रोगाने शिरा फुगवल्या. त्याला गप्प बसवले ते आमच्या नजरेने.

तिसरा नमुना कुणाचा, तेही त्याच संध्याकाळी कळले. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी बारुईपूरच्या बाजूच्या. पहाटेची लोकल पकडून त्या बालीगंज स्थानकावर उतरतात, तेव्हा फलाटावर त्यांच्यासारख्या शेकडो बायका उतरत असतात. या वस्तीतल्या निम्म्या स्वयंपाकघरांची सकाळ त्या गाडीवर अवलंबून आहे. त्यांच्या अंगणातील नलकूपाचे पाणी तपासून द्यावे असे त्यांनी भाच्याला सांगितले होते. शेजारच्या माणसाच्या तळपायांना भेगा आणि गाठी आल्या होत्या, म्हणून त्यांना शंका. मी वास घेऊन पाहिलेले पाणी ते होते.

पुन्हा नमुना आणण्यास, तपासण्यास दोन महिने गेले. मर्यादा एका लिटरला १० मायक्रोग्रामची आहे. ते पाणी तिच्या कितीतरी पुढे निघाले. आर्सेनिकला वास नसतो, चव नसते, रंग नसतो. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. उपाय म्हणजे पाण्याचा स्रोत बदलणे. मावशी आता रस्त्यापलीकडच्या सरकारी नळाचे पाणी भरतात. ते दोन महिने मात्र त्या आणि त्यांची नातवंडे जुनेच पाणी पीत होती, आणि त्या विलंबात माझ्या नाकाचा वाटा होता. हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं प्यालो, दादाबाबू." त्यांनी मला धीर देण्यासाठी ते म्हटले होते. मला धीर आला नाही.

भाच्याच्या शिरांना आजवर चार वेळा कड्या बसवल्या आहेत. शेवटच्या तपासणीत मोठी शिर एकही उरली नव्हती. तो वेदनाशामक गोळ्या टाळतो, जड ओझे उचलत नाही, आणि प्रबंधासाठी भूजलच निवडले आहे. बाटल्यांचे खोके आता टेबलाखाली नसते. ते बैठकीच्या खोलीत, सर्वांसमोर असते.

वाचकहो, आपल्या घरातील कुणा तरुणाला रक्ताची उलटी झाली किंवा शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले, तर ते तातडीचे आहे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. दारूविषयीचा प्रश्न डॉक्टरांना विचारू द्यावा. तो त्यांचा प्रश्न आहे, आणि उत्तर काहीही आले तरी ते उपचारच करतात. आपण घरच्यांनी तेवढ्या वेळात गाडी काढावी, आणि मुलाजवळ बसावे.